मस्कतहून घरी धाडलेला खुबा

“आप के कूल्हे की हड्डी मर गई है,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी गुडघा चोळत बसलो होतो.

वर्षभर मी गुडघाच चोळत होतो. मलम झालं, पट्टा झाला, गरम वाळूचा शेक झाला. गुडघ्याचा एक्स-रे दोन वेळा काढला, दोन्ही वेळा तो चांगलाच आला. शेवटी मस्कतच्या या डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवून पाय नुसता आत वळवला आणि मी जो ओरडलो, त्यावर त्यांनी गुडघ्याचा विषय बंद केला आणि खुब्याचा एमआरआय काढायला सांगितला. खुबा खराब असला तर कळ गुडघ्यात येते म्हणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते हेच. कुणाचा गुडघा महिनोन्महिने दुखत असेल आणि एक्स-रेत काही सापडत नसेल, तर एकदा खुबा दाखवा, एवढं सांगण्यासाठी तरी हे लिहितो आहे.

दुखण्याचं नाव अव्हॅस्क्युलर नेक्रॉसिस. मांडीचं हाड वरच्या टोकाला गोळ्यासारखं असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. त्या गोळ्याला रक्त मिळेनासं झालं की तो आतून मरतो आणि चुरत जातो. त्या वर्षी जायकवाडीत नुसता मृतसाठा उरला होता आणि आमच्या गावच्या विहिरी तळापर्यंत आटल्या होत्या. माझ्या खुब्यात तेच झालं होतं, असं मी बायकोला फोनवर समजावलं.

हे कशानं होतं, ते दर वेळी सांगता येत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी होतं, दारूनं होतं, मार लागून होतं. मशीनच्या तेलानं माझ्या हातांना खाज सुटायची, तेव्हा मी बरेच दिवस स्टेरॉइड घेतलं होतं. पण आमच्या पाहुण्यारावळ्यांनी तीन कारणांतलं मधलं तेवढं ऐकलं. मी जन्मात थेंब घेतलेला नाही, तरी “परदेशात राहतो, घेत असंलच की” असं म्हणून माना हलवणारे निघाले. कुणाला कारण सांगायची वेळ आली तर ते एकच सांगा, यादी वाचू नका.

मी मूळचा पैठण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला. नाव सोपान. आयटीआय करून वाळूजच्या एका कारखान्यात फिटर झालो, बजाजनगरात घर केलं आणि तिथून मस्कतच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. बायको सुनंदा आणि पोरं बजाजनगरात, मी तिकडं. काम दिवसभर मशीनपुढं उभं राहायचं. ते करता आलं नाही तर कंपनी ठेवत नाही आणि कंपनीनं ठेवलं नाही तर व्हिसा राहत नाही. इकडं दुष्काळानं घरातल्या बाकी सगळ्यांचे हात बांधलेले. म्हणून टोटल हिप रिप्लेसमेंट, म्हणजे मेलेला गोळा काढून धातूचा गोळा आणि नवी वाटी बसवणं, हे शब्द ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. मशीनपुढं पुन्हा उभं राहता येईल का?

तेवढ्यात विमा कंपनीचा फोन आला. बोलणाऱ्या बाई केरळच्या होत्या, हिंदी सावकाश बोलायच्या. त्यांनी सांगितलं की ही इलेक्टिव्ह सर्जरी आहे. म्हणजे जी आज केली नाही तरी माणूस मरत नाही, ती. अशी शस्त्रक्रिया मस्कतमध्ये केली तर मोठा वाटा मी भरायचा; भारतात जाऊन केली तर सगळं विमा कंपनी भरणार, वर जाण्यायेण्याचं तिकीट देणार. त्यांना ते स्वस्त पडतं, हे त्यांनी लपवलं नाही.

मला आधी रागच आला. दुखतंय मला आणि स्वस्त कुठं पडतं ते ठरवणार हे. कुरिअरचं पार्सल परत पाठवावं तसं मला पाठवायला निघाले, असं वाटलं. बाईंनी कोची, चेन्नई, हैदराबाद, मुंबई अशी नावं वाचून दाखवली. मी म्हटलं, आमच्या औरंगाबादेत का नाही? (तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो, आता छत्रपती संभाजीनगर.) त्या म्हणाल्या, आधी तिथलं हॉस्पिटल तपासावं लागेल. आणि तिथं तुमची काळजी घ्यायला कुणी आहे का?

“मॅडम, माणसं सोडून तिथं दुसरं आहेच काय?” मी म्हणालो.

हॉस्पिटल मंजूर व्हायला थोडे दिवस गेले. ते बीड बायपासला नवीन उभं राहिलं होतं. माझ्या लहानपणी तिथं मोकळा माळ होता. आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, मेंढ्या घेऊन जाताना तिथं मुक्काम करायचे. माझे वडील लवकर गेले. मला आबांनीच वाढवलं. मेंढ्यांमागं हिंडवायच्या वयात त्यांनी मला शाळेत घातलं आणि भावकीशी त्यापायी भांडणं घेतली. मी आलो तेव्हा ते गावात नव्हते. पाणी आणि चारा धुंडत मेंढरं घेऊन गोदाकाठानं खाली गेले होते. फोन त्यांच्याकडं नव्हता आणि ते नेमके कुठं आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं.

या हॉस्पिटलातले डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी एमआरआय उजेडाला धरला आणि म्हणाले, “गोळा खचलाय. थांबण्यात अर्थ नाही. तुम्ही फिटर आहात ना? मग तुम्हाला समजवायला सोपं जाईल. बेअरिंग बदलायचंय.”

स्पायनल दिलं, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. माणूस जागा असतो. मध्ये हिरवा पडदा. दिसत काही नव्हतं, दुखत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आधी हाड कोरणारा रीमर फिरल्याचा आवाज, मग हातोडी. माझं अर्धं आयुष्य याच आवाजात गेलेलं. नवी वाटी ठोकायला लागले तेव्हा आवाज पहिल्यांदा बद्द येत होता, मग थोडा वर चढला आणि मग एकदम खणखणीत झाला. प्रेस फिट, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा भाग, जागेवर बसला की असाच आवाज येतो.

“बसलं,” मी पडद्याआडून म्हणालो.

हातोडी थांबली. डॉक्टर म्हणाले, “व्हय, बसलं.” आत सगळे हसले. खरं सांगतो, माझी निम्मी भीती तिथंच टेबलावर गेली. शस्त्रक्रियेत कुणी जादू करत नाही, नीट काम करतात, हे त्या आवाजानं मला पटलं.

दुसऱ्या दिवशी उभं केलं. मी तयार नव्हतो. फिजिओथेरपीच्या शबाना मॅडम तयार होत्या. त्यांनी वॉकर पुढं सरकवला आणि म्हणाल्या, “चलो मामू, शरमाना नक्को.” चार पावलं टाकली आणि घाम फुटला. पण ती कळ, जी वर्षभर मांडीत आणि गुडघ्यात ठाण मांडून बसली होती, ती नव्हती. कापल्याचं दुखत होतं, ते वेगळं. जुनी कळ गेल्याचं मला पहिल्याच पावलात कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. सुनंदानं पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी पाठवताना डॉक्टरांनी नियम सांगितले. पायावर पाय टाकायचा नाही. खाली बसायचं नाही. बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. नवा गोळा वाटीत बसलेला असतो, पण भोवतीचे स्नायू कापून शिवलेले असतात. ते भरून येईपर्यंत जास्त वाकलं तर गोळा वाटीतून निसटतो. त्याला डिसलोकेशन म्हणतात. “बुटाची लेस बांधायची नाही, पडलेली वस्तू उचलायची नाही,” डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. चप्पल घालणाऱ्या माणसाला लेसचं काय एवढं.

सुनंदानं मात्र घर उंच केलं. खाटेखाली विटा लावल्या, खुर्चीवर दोन उशा, बादली स्टुलावर. नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नव्हतं, टँकरचं पाणी जमिनीवरच्या टाकीत असायचं. त्या टाकीकडं मी नुसतं पाहिलं तरी ती ओरडायची. आणि मुख्य म्हणजे तिनं पाहुण्यांचा बंदोबस्त केला. विमा कंपनीनं सोबत एक माणूस मंजूर केला होता. आमच्याकडं पहिल्याच रविवारी एक टेम्पो भरून माणसं आली.

आमच्यात मोठं माणूस समोर आलं की हात आपोआप त्याच्या पायाकडं जातात. विचार नंतर येतो. सुनंदानं हे आधीच ओळखलं होतं. ती दारातच प्रत्येकाला अडवायची. “मामा, ते पाया पडायचे नाहीत. डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगितलंय. राग धरू नका.” तोंडावर सगळे “नाय बाई, राग कशाचा” म्हणायचे. मागं मात्र “मस्कतहून आला अन् कंबर ताठ झाली” असंही कुणी बोललं. सुनंदा म्हणाली, ताठच असू द्या, त्याच्यासाठीच एवढं केलंय.

हे सगळं नीट चाललं होतं. टाके निघाले. वॉकर सुटून काठी आली. मी सकाळी एकटा दारापर्यंत जाऊन यायला लागलो.

एके दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला म्हणून सुनंदा आणि पोरं पाईप घेऊन धावली. मी काठी टेकून दारात उभा होतो. टँकरच्या गर्दीतून खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला एक म्हातारा घरांकडं बघत बघत येत होता. आबा. त्यांना कुठल्याशा बाजारात कुणीतरी सांगितलं होतं, सोपानाचा पाय कापलाय. एवढंच सांगितलं होतं. मेंढरं थोरल्या पोराच्या हवाली करून ते तसेच निघाले होते. एसटीत बसले, चुकीच्या ठिकाणी उतरले आणि वाळूजपासून विचारत चालत आले होते.

त्यांनी आधी माझ्या पायांकडं पाहिलं. दोन्ही आहेत हे बघून त्यांचा चेहरा असा काही सुटला की मला काही सुचलं नाही. “सोपाना,” एवढंच म्हणाले. मी काठी भिंतीला लावली आणि वाकलो.

आतून खट्ट असा आवाज आला. मग कळ आली. तिच्याविषयी मी काही लिहीत नाही, ज्याला येईल त्याला कळेल, येऊ नये. मी पडलो नाही, कारण आबांनी मला कवेत धरलं होतं. त्या वयातही त्यांनी मला उचलून खाटेवर ठेवलं. डावा पाय आखूड दिसत होता आणि आत वळला होता.

“काय झालं रं? म्या काय केलं?” ते विचारत होते. 

हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझ्या मनात एकच चाललं होतं. संपलं. आता पुन्हा कापणार, विमा दुसऱ्यांदा देणार नाही, मशीन गेलं. एक्स-रेत गोळा वाटीच्या बाहेर दिसत होता, मलाही कळला. डॉक्टरांनी विचारलं, “काय उचलत होता?”

“काही नाही. पाया पडलो.”

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. “लेस सांगितली मी तुम्हाला,” ते म्हणाले, “आणि हे सांगायचं राहिलं. मी पण रोज पडतो आईच्या.” मग म्हणाले, “पूर्ण भूल देऊन ओढून बसवून बघू. बसला तर कापायचं काम नाही.”

याला क्लोज्ड रिडक्शन म्हणतात. म्हणजे चीर न देता, पाय ओढून आणि वळवून गोळा जागेवर आणणं. या वेळी मला काही ऐकू आलं नाही. जाग आली तेव्हा दोन पायांच्या मध्ये त्रिकोणी उशी बांधलेली होती आणि सुनंदा सांगत होती, “बसला. पहिल्याच ओढीला बसला.” मी तिला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, आता टेप करून देऊ का.

विम्याच्या बाईंना फोन करायला मी घाबरत होतो. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? मी खरं ते सांगितलं. घरचं वडीलधारं माणूस आलं, नमस्कार करायला वाकलो.  मग त्या म्हणाल्या, “हमारे घर में भी यही है, भैया. मैं लिखती हूँ, घर में आगे झुकते समय. सच भी है.” त्यांनी मुक्काम वाढवून दिला. फोन ठेवल्यावर मला पार्सलचा जो राग होता, तो कुठं गेला ते कळलं नाही. कोचीला किंवा मुंबईला गेलो असतो तर पाया पडायला कुणी भेटलं नसतं आणि गोळा निसटलाही नसता, हे खरं. पण मला कवेत धरायलाही तिथं कुणी नसतं.

आबा मात्र वॉर्डात येईनात. बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून फरशीवर बसून राहिले. जेवण नेलं तर नको म्हणायचे. शेवटी शबाना मॅडमनीच त्यांना हाताला धरून आत आणलं. ते दाराशीच थांबले.

“माझ्या पायानं तुझा पाय गेला,” ते म्हणाले. “म्या आलोच नसतो तर बरं झालं असतं.”

“आबा, पाय जागेवर आलाय.”

“नाय. तू वाकत होतास अन् म्या बघत उभा ऱ्हायलो. मागं सरलो नाय.”

मी त्यांना जवळ बोलावलं आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर ठेवला. इथं आत गोळा आहे, पक्का आहे, असं सांगितलं. त्यांनी मेंढीचा मोडका पाय चाचपावा तसं दोन बोटांनी हळूच चाचपलं. मग एकदम हुंदका दिला. मी माझ्या आयुष्यात आबांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडलो. शबाना मॅडम म्हणाल्या, रोना हुआ तो अब उठो, चलना है.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, आणि तेच बरं. पुन्हा वॉकर, पुन्हा काठी. आबा मेंढरांकडं परत जायचे सोडून आमच्याच घरी राहिले आणि दारात खुर्ची टाकून बसायला लागले. सुनंदाला आता कुणाला काही सांगावं लागायचं नाही. येणारा पाहुणा वयानं कितीही मोठा असो, आबा त्याला काठी आडवी लावायचे. “पाय मागं घ्या. त्याच्या म्होरं पाय आणायचे नाय. आशीर्वाद द्यायचा तर डोक्यावर हात ठेवा अन् चहा प्या.” कुणी हसलं तर आबा हसायचे नाहीत. मग म्हातारी माणसं येऊन, मी खुर्चीत ताठ बसलेलो असताना, माझ्या डोक्यावर हात ठेवायची. एवढे हात लहानपणानंतर माझ्या डोक्यावर पडले नव्हते.

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत मला एका पायावर उभं केलं, चालवलं, जिना चढवला. एक्स-रे पाहिला. “वर्कशॉपला जा,” ते म्हणाले. “उभं राहून काम करा, हरकत नाही. मात्र वाकणं विसरा. एकदा निसटलेला गोळा पुन्हा निसटू शकतो. ही सवय आता जन्मभराची.” मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसणार होतो, आठवलं, आणि उभाच राहिलो. उभं राहायला मिळतंय याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तुमच्यापैकी कुणाला विम्यानं दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशात धाडलं, तर रागावू नका, पण डोळेही मिटू नका. हॉस्पिटलची चौकशी स्वतः करा. परत जाण्याआधी किती दिवस थांबायचं ते विमावाल्यांना नाही, डॉक्टरांना विचारा. नंतर काही बिघडलं तर खर्च कुणाचा, ते आधीच विचारून ठेवा. माझ्या नशिबानं बाई चांगल्या भेटल्या, सगळ्यांना भेटतीलच असं नाही. आणि डॉक्टरांना तुमच्या घरच्या रीती सांगा. पाटावर जेवता का, चुलीपुढं बसता का, कुणाच्या पाया पडता का. त्यांच्या नियमांत ते लिहिलेलं नसतं आणि आपल्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही.

माझं विमान ठरलं त्याच्या आदल्या दिवशी गावाकडचा टेम्पो चारा न्यायला शहरात आला होता. त्यातून आबा निघाले. मेंढरं आता लांब गेली होती आणि ती पुन्हा कधी परततील, मी पुन्हा कधी येईन, काही सांगता येत नव्हतं. सुनंदा आणि पोरं त्यांच्या पाया पडली. मी हात जोडून उभा राहिलो. एवढा उपकारी माणूस निघालाय आणि आपण नुसते हात जोडून उभे, याची मला लाज वाटत होती. आबांनी माझ्याकडं पाहिलं. ते टेम्पोत मागून चढले.

पुढं जाऊन बसायचं सोडून ते मागंच उभे राहिले, पार कडेला. टेम्पोचा मागचा फाळका खाली सोडलेला होता. फाटक्या चपलांतले, भेगाळलेले दोन पाय बरोबर माझ्या हातांच्या उंचीला आले होते.

“आता घे,” आबा म्हणाले.

मला वाकावं लागलं नाही. मी सरळ उभ्यानं दोन्ही हात त्यांच्या पायांवर ठेवले आणि कपाळाला लावले. वरून त्यांचा हात डोक्यावर आला आणि बराच वेळ तिथंच राहिला. ड्रायव्हर घाई करत नव्हता.

“आतापस्तोर तू वाकलास,” आबा म्हणाले. “हितून म्होरं म्या चढत जाईन.”